परसातले अठरा मीटर

एक गुंठा जमीन म्हणजे १,०८९ चौरस फूट. ती अगदी चौरस असली, तर या कडेपासून त्या कडेपर्यंत ३३ फूट, म्हणजे दहा मीटर भरते. दोन गुंठे एकापुढे एक असले तर वीस मीटर. ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह धनुष्य घेऊन उतरणारा तिरंदाज लक्ष्यापासून ७० मीटर दूर उभा राहतो. कंपाउंड धनुष्याची मैदानी स्पर्धा ५० मीटरवर होते. या हिशेबाने बहुतेक मराठी घरांच्या परसात तिरंदाजीचा विचारही करायला नको. तरीही दिवाळी उरकली आणि पावसाने फुगलेली जमीन वाळली, की तिरंदाज मुलगा किंवा मुलगी असलेल्या घरात एक प्रश्न निघतोच: मागच्या अंगणात एखादा बट्रेस, म्हणजे ज्यात बाण रुततो तो ठोकळा, उभा करता येईल का?

बऱ्याच घरांत करता येईल. काही घरांत मुळीच करू नये. पुढच्या पानांत बट्रेसची बांधणी, जाळीचे माप, कागदी लक्ष्यांच्या आकृत्या आणि आठवड्याचे सरावपत्रक असे सगळे तपशिलाने येणार आहे. प्रस्तावनेचे काम त्याआधीचे आहे. घरामागची रेंज कशासाठी असते, हिवाळ्यातच तिची गरज का भासते आणि तिच्याकडून काय मागू नये, एवढे आधी स्पष्ट झाले, तर मापे नंतर आपोआप जुळतात.

जगाच्या वेळापत्रकात तिरंदाजीचा हिवाळा चार भिंतींच्या आत जातो. युरोप, कोरिया, उत्तर अमेरिका येथील मैदाने गारठतात, बर्फाखाली जातात. मग मोठ्या सभागृहांत १८ मीटरवर, ४० सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर स्पर्धा रंगतात. फ्रान्समधले नीम आणि अमेरिकेतले लास व्हेगास ही या हंगामाची मोठी ठाणी. महाराष्ट्रात तिरंदाजाला घरात कोंडतो तो पावसाळा. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो. एप्रिल-मेमध्ये विदर्भातला पारा चाळिशी ओलांडतो. या दोन्हींच्या मधले, दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस कोरडे असतात आणि सकाळी वारा बहुधा पडलेला असतो. सरावाला याहून चांगला काळ नाही.

मग मैदान सोडून परसात कशाला राबायचे? दिवस लहान असतो म्हणून. पुण्या-साताऱ्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, नागपुरात त्याच्याही आधी. शाळा सुटून, एसटी पकडून तालुक्याच्या मैदानावर पोहोचेपर्यंत उजेड गेलेला असतो. त्यातच फेब्रुवारी-मार्चमधल्या बोर्डाच्या परीक्षा जवळ येतात. मैदानावर आठवड्यातून दोनदा जाणे जमले, तरी उरलेले पाच दिवस धनुष्य पेटीतच राहते. त्या पाच दिवसांसाठी घरामागची रेंज हवी.

साध्या जागेतून मोठा तिरंदाज घडतो, हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने कंपाउंड प्रकारात महिलांचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले. ती तेव्हा १७ वर्षांची होती. अंतिम लढतीत तिने मेक्सिकोच्या अँड्रिया बेसेराला १४९-१४७ असे हरवले. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. पंधरा बाण, आणि पंधराही दहाच्या वर्तुळात. दोघांचे प्रशिक्षक एकच, प्रवीण सावंत, आणि दोघांचा सराव साताऱ्यात, उसाच्या शेतात तयार केलेल्या रेंजवर. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या कुटुंबातला प्रवीण जाधव क्रीडा प्रबोधिनीतून पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि टोकियो ऑलिंपिकच्या रेषेवर उभा राहिला. या तिघांच्या मागे प्रशिक्षक, पूर्ण अंतराची रेंज आणि बरोबरीचे खेळाडू होते. त्यांची जागा परस घेऊ शकत नाही. पण रेंज म्हणजे हिरवळ, गॅलरी आणि दिव्यांचे खांब, ही समजूत या मुलांनी कायमची मोडून काढली आहे.

नेमबाजीतला अभिनव बिंद्रा घरामागच्या स्वतःच्या रेंजवर सराव करत असे, आणि २००८ मध्ये बीजिंगला त्याने सुवर्ण जिंकले. त्याचा प्रकार १० मीटर एअर रायफलचा होता. म्हणजे स्पर्धेचे पूर्ण अंतर घराच्या आवारात बसत होते. तिरंदाजाला ही सोय नाही. घरी मिळते ते अंतर स्पर्धेच्या अंतराचा चौथा किंवा सातवा हिस्सा असते. त्यामुळे परसातली रेंज ही मैदानाची छोटी प्रत म्हणून बांधायला गेले, की निराशा ठरलेली. तिचे काम वेगळे आहे. त्या कामाकडे वळण्याआधी सुरक्षिततेचे बोलायला हवे, कारण ती नसेल तर बाकी सगळे निरर्थक आहे.

रिकर्व्हचा बाण सुटतो तेव्हा त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात असतो, कंपाउंडचा ३०० च्या आसपास. धनुष्य वर रोखलेले असताना सुटलेला बाण दोनशे मीटरच्या पलीकडे सहज जातो. त्या अंतरात गावातल्या दोन गल्ल्या येतात. म्हणून परसाची लांबी मोजण्याआधी परसाच्या मागे काय आहे ते पाहायचे.

इथे थोडे गणित मांडावे लागते. धनुष्य जमिनीपासून दीड मीटरवर आहे आणि हात चुकून बाण दहा अंश वर सुटला, असे समजू. रिकर्व्हच्या वेगाने जाणारा तो बाण १८ मीटरवर चार मीटरहून अधिक उंचीवर असेल, म्हणजे कुठल्याही आवाराच्या भिंतीवरून पलीकडे. दहा मीटरवर तो तीन मीटरच्या थोडा वर असेल. पाच मीटरवर मात्र २.४ मीटरच्या आत, म्हणजे आठ फुटांच्या भिंतीतच अडेल. भिंत तीच, चूक तीच. उभे राहायचे अंतर कमी केले की ती भिंत अधिक चुका पोटात घेते. उजव्या-डाव्या बाजूच्या चुकांनाही हेच लागू आहे. नवख्या माणसाला वाटते की लांब रेंज म्हणजे चांगली रेंज. घरामागे आखूड रेंज चांगली, आणि जागा असूनही सुरुवातीचे काही आठवडे पाच मीटरवर काढणारा तिरंदाज शहाणा.

धनुष्य आकाशाकडे करून ओढण्याची सवय काहींना असते. चुकून सुटलेला बाण सुरक्षित हद्दीबाहेर जाऊ शकेल अशा पद्धतीने धनुष्य ओढायला आंतरराष्ट्रीय नियमही मनाई करतात. मैदानावर पंच तिथल्या तिथे टोकतात. घरी टोकायला कोणी नाही, म्हणून ही सवय असलेल्या मुलाने आधी ती मैदानावर, प्रशिक्षकासमोर सोडवावी आणि मगच घरी बाण लावावा.

लक्ष्यामागे भक्कम भिंत, मातीचा उंच बांध किंवा बिनखिडकीच्या गोठ्याची आंधळी बाजू असली, तर पुढचा विचार करता येतो. काटेरी तार, मेंदीचे किंवा निवडुंगाचे कुंपण आणि शेजारच्या शेतातले उभे पीक यांना आडोसा मानता येत नाही. उसात किंवा तुरीत वाकून काम करणारा माणूस दिसत नाही. दाट वस्तीतल्या गच्चीचा कठडा कमरेएवढा असतो, तेव्हा गच्ची बाद. सोसायटीचे पार्किंगही बाद. भिंतीपलीकडे पायवाट, शाळेचे अंगण किंवा सार्वजनिक नळ असेल आणि भिंत डोक्याइतकीच असेल, तर घरच्यांनी ठाम नाही म्हणावे. ज्या घराला परस नाही किंवा असून चालत नाही, त्याने खोलीच्या आत तीन मीटरवर, भरीव भिंतीसमोर बट्रेस ठेवावा. या पुस्तकातला निम्म्याहून अधिक सराव तेवढ्या जागेत होतो.

मराठी घराचे परस ही राबती जागा असते. तिथे कपड्यांची दोरी असते, भांडी घासायची मोरी असते, कुठे विहीर तर कुठे चूल. मागच्या दाराने माणसे सारखी ये-जा करतात. म्हणून रेंजची जागा ठरवताना दारे कोणत्या बाजूला उघडतात ते बघावे आणि लक्ष्याच्या बाजूला उघडणाऱ्या दाराला सरावाच्या वेळी आतून कडी घालावी. स्पर्धेतल्या शिट्टीच्या खुणा घरातही चालवाव्यात: दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारायला सुरुवात, तीन म्हणजे बाण काढायला चला, पाच किंवा अधिक म्हणजे धोका, सगळे थांबवा. आजीपासून धाकट्या भावापर्यंत सर्वांना या खुणा पाठ असाव्यात. मूल एकटेच सराव करत असले तरीही शिट्टी वाजलीच पाहिजे.

भिंत असली तरी बाण थेट भिंतीवर जाऊ देऊ नये. चिऱ्याच्या किंवा दगडी भिंतीवर आपटलेला बाण उलटा फिरतो, आणि कार्बनच्या नळीला गेलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. असा बाण पुढच्या वेळी सुटताना हातापाशीच फुटू शकतो. म्हणून भिंतीच्या पुढे सुमारे एक मीटर सोडून बाण अडवण्याची खास जाळी टांगतात. ती ताणून बांधायची नाही. सैल टांगलेली जाळी बाणाबरोबर मागे जाते आणि त्याचा जोर खाते, ताठ जाळीतून तोच बाण आरपार निघतो. नर्सरीवर घालतात ती हिरवी शेडनेट या कामाची नाही. जाळी परवडत नसेल तर जुन्या जाड गालिच्याचे दोन-तीन थर तसेच सैल सोडावेत आणि ते आधी जवळून, आपल्याच धनुष्याने तपासून घ्यावेत. मातीचा बांध सर्वांत उत्तम, फक्त त्याची दर्शनी माती चाळून दगडगोटे काढलेले हवेत.

फोमचा विकतचा बट्रेस टिकतो, पण महाग पडतो. कमी ताकदीच्या धनुष्याला घरचा पर्याय चालतो: दुहेरी बारदानाच्या पोत्यात जुन्या कपड्यांच्या चिंध्या आणि पॅकिंगचे प्लास्टिक कोंबून, लाथेने दाबून, पुन्हा कोंबून तोंड शिवायचे. कपड्यांची बटणे आणि चेन आधी कापून टाकाव्यात, नाहीतर बाणाचे टोक त्यांवर आपटते. पोते जितके घट्ट तितके बरे. भाताच्या पेंढ्याचे दाबून बांधलेले गठ्ठेही चालतात. जास्त ताकदीच्या कंपाउंडला मात्र यांतले काही पुरत नाही. तिथे चांगला फोम घेण्याला पर्याय नाही आणि काटकसरही करू नये.

पेंढ्याबद्दल एक सावधगिरी. परसात रचलेल्या पेंढ्यात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. घोणस हिवाळ्यातही हिंडते. बट्रेस जमिनीवर न टेकवता स्टँडवर उचलून ठेवावा, आजूबाजूचे गवत कापलेले असावे, आणि खाली पडलेला बाण उचलण्याआधी काठीने जागा चाळवावी. स्टँड उंच असला की वाळवीही लवकर लागत नाही. काळ्या मातीच्या भागात खांब जमिनीत गाडून बट्रेस उभा करण्याचा मोह टाळावा. ही माती हिवाळ्यात वाळत जाते तशी भेगाळते आणि गणपतीत घट्ट बसलेला खांब संक्रांतीला डुलतो. तीन पायांचा स्वतंत्र स्टँड आणि तो उलटू नये म्हणून मागे खुंटीला बांधलेली दोरी, ही रचना तिथे टिकते. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर ठेवायचा आणि बट्रेस दहा ते पंधरा अंश मागे झुकवायचा. मैदानी स्पर्धेचे हेच माप आहे आणि घरी ते बदलण्याचे कारण नाही.

दिशेबद्दलही नियम मदतीला येतो. उत्तर गोलार्धात तिरंदाजाचे तोंड उत्तरेकडे असावे, वीस अंशांपर्यंत इकडेतिकडे चालेल, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, त्यामुळे उत्तरमुखी रेंजवर तो पाठीमागे राहतो आणि लक्ष्य उजळ दिसते. पण परसाची दिशा घर ठरवते. भक्कम भिंत पश्चिमेला आणि मोकळी बाजू उत्तरेला असेल, तर पश्चिमेची भिंत निवडावी आणि सराव सकाळी करावा. सुरक्षितता आणि सोय यांत निवड करायची वेळ आली की सोयीने माघार घ्यायची.

आता त्या वेगळ्या कामाकडे.

तिरंदाजीत एक बाण सोडायला जे लागते ते थोडक्यात असे: पाय रोवणे, धनुष्य उचलणे, दोरी ओढून हात हनुवटीखाली ठरलेल्या जागी आणणे, पाठीच्या स्नायूंवर ताण घेणे, सोडणे आणि सोडल्यानंतरही क्षणभर तसेच राहणे. मैदानावर, ७० मीटरवर, यांतल्या प्रत्येक गोष्टीवर लक्ष्याची छाया असते. डोळा पिवळ्या वर्तुळाकडे धावतो आणि हात त्याच्या मागे. बाण कुठे लागला ते पाहण्याच्या घाईत मान वळते आणि बाण दोरीवरून सुटायच्या आत धनुष्याचा हात खाली येतो. चूक कळते, पण ती सुधारायला मन मोकळे नसते. म्हणून जगभरचे प्रशिक्षक तिरंदाजाला कोऱ्या बट्रेससमोर आणून उभे करतात. तीन ते पाच मीटर अंतर, कागद नाही, वर्तुळे नाहीत, गुण नाहीत. काही फेऱ्या डोळे मिटून. बाण कुठे लागला हा प्रश्नच उरत नाही, तेव्हा खांद्यात आणि पाठीत काय होते ते जाणवू लागते. डोळे मिटून मारताना बाजूला दुसरा माणूस हवा, आणि डोळे बाण रोखून झाल्यावरच मिटायचे.

महाभारताच्या आदिपर्वात अर्जुन जेवत असताना वाऱ्याने दिवा विझतो. अंधारातही त्याचा हात न चुकता तोंडाकडे जातो आणि त्यावरून त्याला रात्री धनुष्याचा सराव करण्याची कल्पना सुचते. फिरत्या माशाच्या डोळ्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, ही कमी सांगितली जाते. तिरंदाजाच्या दृष्टीने हीच अधिक मोलाची आहे.

कोरियाचे किसिक ली यांनी या जवळच्या सरावाला शास्त्राची शिस्त दिली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली ऑस्ट्रेलियाच्या सायमन फेअरवेदरने २००० मध्ये सिडनीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, आणि पुढे ली अमेरिकेच्या संघाचे प्रशिक्षक झाले. धनुष्य पूर्ण ओढून, बाण न सोडता, अनेक सेकंद तसेच धरून ठेवायचे आणि मग सावकाश परत आणायचे, असे व्यायाम त्यांच्या पद्धतीत मोठी जागा व्यापतात. त्यांना अंतर शून्य लागते. फक्त एक धोका लक्षात ठेवायचा: बाणाशिवाय ओढलेली दोरी निसटली तर तिचा सगळा जोर धनुष्यात शिरतो आणि पाती तडकतात. म्हणून हा व्यायामही बट्रेससमोर उभे राहून, बाण लावूनच करावा.

कंपाउंडवाल्यांना आणि वर्षानुवर्षे स्पर्धा खेळलेल्यांना छळणारा एक त्रास आहे, त्याला सगळे टार्गेट पॅनिक म्हणतात. नेम धरायची साइट पिवळ्यावर आली की बोट आपोआप ट्रिगर दाबते, किंवा साइट पिवळ्यावर नेताच येत नाही. हात थरथरतो, माणूस हतबल होतो. यावर ओरडून, रागावून, जास्त बाण मारून काही होत नाही. कोऱ्या बट्रेससमोर काढलेले शांत आठवडे हा यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे, आणि ते आठवडे स्पर्धांच्या गर्दीत मिळत नाहीत. हिवाळ्यात घरी मिळतात. परसातल्या रेंजसाठी एवढे एकच कारण पुरेसे आहे.

महिनाभर कोरा बट्रेस झाला की कागद लावायला हरकत नाही. तोही नेहमीचा लावू नये. ७० मीटरवरच्या १२२ सेंटिमीटरच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे असते. डोळ्याला ते दहा मीटरवर तितकेच दिसावे, तर त्याचा व्यास १.७ सेंटिमीटर हवा आणि सगळे लक्ष्य साडेसतरा सेंटिमीटरचे. कंपाउंडच्या ५० मीटरवरच्या ८० सेंटिमीटर लक्ष्याची दहा मीटरवरची प्रत १६ सेंटिमीटरची होते. साध्या कागदावर ती छापून निघते. गमतीची गोष्ट म्हणजे १८ मीटरच्या स्पर्धेतले रिकर्व्हचे दहाचे वर्तुळ चार सेंटिमीटरचे असते, तर ७० मीटरच्या प्रमाणात ते तीनहून थोडेच मोठे हवे होते. म्हणजे सभागृहातले दहा डोळ्याला मैदानातल्या दहापेक्षा मोठे दिसते. परसात स्पर्धेचा कागद लावून भरपूर दहा मारणाऱ्या मुलाने मैदानावर तीच अपेक्षा धरू नये.

एकाच ठिपक्यावर सहा बाण मारले की जवळच्या अंतरावर बाणावर बाण बसतो. पहिल्यांदा कौतुक वाटते, नंतर नॉक (बाणाची दोरीत अडकणारी खाच) आणि नळ्या फुटत राहतात. सभागृहातल्या स्पर्धांत उभी तीन छोटी लक्ष्ये असलेला कागद वापरतात तो यासाठीच. घरी एका कागदावर पाच ठिपके काढावेत आणि प्रत्येकावर एकच बाण मारावा.

घरामागचा सराव मोजमापाच्या लायकीचा नसतो असे मानणाऱ्यांना २०२०-२१ च्या हिवाळ्याची आठवण करून द्यावी. कोविडमुळे सभागृहांतल्या जागतिक मालिकेचे टप्पे रद्द झाले. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेने ती मालिका ऑनलाइन घेतली. जिथे १८ मीटर अंतर सुरक्षितपणे मिळेल तिथे उभे राहायचे, ६० बाण मारायचे आणि गुण कळवायचे. देशोदेशींचे नामांकित आणि हौशी तिरंदाज एकाच गुणतक्त्यात आले. दोन गुंठ्यांची लांब पट्टी आणि मागे उंच बांध असलेल्या मराठी घरालाही हे अंतर जमू शकते.

थंडी महाराष्ट्रात बेताची असली, तरी पहाटे नाशिक, सातारा, नागपूरकडे बोटे आखडायला ती पुरते. चाळीस पाउंडांचे धनुष्य शंभर वेळा ओढले तर खांद्याने एकूण ४,००० पाउंड, म्हणजे १,८०० किलोहून अधिक ओढलेले असते. थंड खांद्याने हे काम करू नये. आधी दहा मिनिटे अंग गरम करावे, मग रबरी पट्टा ओढावा, मगच धनुष्य हातात घ्यावे. घरी सराव असला की ही दहा मिनिटे वगळली जातात, कारण घाई असते आणि पाहणारे कोणी नसते. खांद्याच्या दुखण्यांची सुरुवात अशीच होते. अंगावर उबदार कपडे असावेत, पण दोरीच्या वाटेत सैल बाही किंवा शालीचे टोक येता कामा नये. पहाटेच्या दवाने दोरी ओली होते आणि पिसांचे बाण जड होतात, तेव्हा ऊन वर येईपर्यंत थांबावे आणि दोरीला मेण लावत जावे. चुकलेला बाण दवाने भिजलेल्या गवताखाली शिरला की दिसत नाही. तो पायाने शोधायचा नाही, दाताळ्याने शोधायचा. बांबूच्या धनुष्याने इंडियन राउंड खेळणाऱ्या मुलांनी आणखी एक काळजी घ्यावी: हवेतल्या ओलाव्याचा आणि गारव्याचा बांबूवर परिणाम होतो. धनुष्य रात्री उघड्या पडवीत टांगू नये आणि चुलीजवळही ठेवू नये.

कोरियाच्या जिंचॉन येथील राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकच्या आधी त्या-त्या शहरातल्या रेंजच्या हुबेहूब प्रतिकृती उभारल्या होत्या. खेळाडूंना स्पर्धेतला मंच, आवाज आणि मोकळेपणा आधीच अंगवळणी पडावा म्हणून. कोरियाच्या महिला संघाने १९८८ पासून पॅरिसपर्यंत प्रत्येक सांघिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आहे, त्यामुळे त्यांच्या पद्धतीकडे आदराने पाहावे लागते. पण मोठ्या स्पर्धेची तालीम हे शेवटच्या महिन्यांचे काम आहे, आणि तेही ज्यांच्याकडे केंद्र आणि साधने आहेत त्यांचे. डिसेंबरातल्या परसात प्रेक्षक नसतात, गुणफलक नसतो, शेजारच्या लेनवरचा प्रतिस्पर्धी नसतो. त्या मोकळेपणाचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. घरात टाळ्या वाजवणारे काका-मामा आणि मोबाइलवर चित्रण करणारी भावंडे कितीही प्रेमाने आली, तरी निदान कोऱ्या बट्रेसच्या महिन्यात त्यांना चहाला बोलवावे, रेंजवर नाही.

परसात काय शिकता येत नाही तेही मांडले पाहिजे. वारा शिकता येत नाही. ताशी २०० किलोमीटरचा बाण १८ मीटर जाईपर्यंत सुमारे अर्धा मीटर खाली येतो. ७० मीटर जाईपर्यंत तो साडेसात मीटरहून अधिक खाली येतो आणि एक सेकंदाहून जास्त हवेत असतो. त्या सेकंदात वारा बाणाचे काय करतो, साइट किती सरकवायची, वीस सेकंदांच्या घड्याळाखाली कधी थांबायचे, हे सगळे मैदानाचे ज्ञान आहे. आणि चुकीची ढब परसात पक्कीही होऊ शकते. रोज शंभर बाण चुकीच्या खांद्याने मारणारा तिरंदाज हिवाळ्याअखेर त्या चुकीत तरबेज झालेला असतो. म्हणून आठवड्यातून एक-दोनदा प्रशिक्षकाकडे जाणे थांबवू नये, आणि घरचे चित्रण बाजूने व मागून करून त्यांना दाखवावे. कंपाउंडच्या मिश्र दुहेरीला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले आहे. त्यामुळे येत्या काही हिवाळ्यांत गावोगावची अनेक मुले ही धनुष्ये हातात घेतील. त्यांच्या पालकांसाठी हे पुस्तक मुख्यतः लिहिले आहे.

त्या पालकांना एवढीच विनंती आहे. पोते शिवायला घेण्याआधी एकदा भिंतीच्या पलीकडे चालत जा, तिथून सकाळ-संध्याकाळ कोण ये-जा करते ते पाहा आणि शेजाऱ्यांशी मोकळेपणाने बोला. मुलाच्या प्रशिक्षकांना घरी बोलवा आणि जागा त्यांच्या नजरेखालून जाऊ द्या. त्यांनी नको म्हटले, तर खोलीतले तीन मीटर आहेतच, आणि त्यासाठीचे प्रकरण या पुस्तकात पहिले ठेवले आहे.